दादासाहेब फाळके आणि पाहणारा मेंदू

विद्यार्थी मित्रांनो, नाशिक शहराबाहेर मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाजवळ पांडवलेणी आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तुमच्यापैकी कित्येकजण सहलीला तेथे गेले असतील. हे स्मारक ज्यांच्या नावाने उभे आहे ते दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले. त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. या पाठात आपण त्यांचे चरित्र वाचणार आहोत. पण त्याबरोबर आणखी एका प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. चित्रपटाच्या फितीवरचे एकही चित्र हलत नाही. मग पडद्यावरचा माणूस चालताना कसा दिसतो? तो चालतो कोठे? पडद्यावर नव्हे आणि यंत्रातही नव्हे. तो चालतो आपल्या डोक्यात. फाळके जन्मभर ज्या गोष्टीच्या मागे धावले, ती गोष्ट प्रत्येक प्रेक्षकाच्या मेंदूत घडत होती.

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. पुढे वडिलांना मुंबईच्या एका महाविद्यालयात नोकरी मिळाली आणि सारे कुटुंब मुंबईला गेले. धुंडिराजांना लहानपणापासून चित्रकलेची आवड होती. १८८५ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथून ते बडोद्याला गेले. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रे काढली, मातीचे पुतळे घडवले, इमारतींचे नमुने केले आणि छायाचित्रे काढायला शिकले. एक विद्या पुरी झाली की ते दुसरीकडे वळत. घरच्या माणसांना याची काळजी वाटली असेल; पण पुढे यातली प्रत्येक विद्या त्यांच्या उपयोगी पडली.

शिक्षणानंतर त्यांनी गुजरातमध्ये गोध्रा येथे छायाचित्रांचे दुकान काढले. तेथे त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते गोध्रा सोडून बडोद्याला परतले. त्या काळी कॅमेऱ्याविषयी लोकांच्या मनात भीती होती. छायाचित्र काढले की माणसाच्या अंगातली शक्ती निघून जाते, असे लोक समजत. त्यामुळे दुकान चालेना. मग फाळके यांनी पोटासाठी नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे खेळही केले. जादूगार म्हणून त्यांनी स्वतःचेच आडनाव उलटे करून घेतले होते. 'फाळके' हा शब्द शेवटून वाचा, म्हणजे तुम्हांला ते नाव सापडेल!

जादूच्या खेळापाशी आपण थोडे थांबू. जादूगार तुमच्या डोळ्यांना फसवतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता तो डोळ्यांना नाही, लक्षाला फसवतो. तो उजवा हात उंच करतो, हसतो, काहीतरी बोलतो. तुमची नजर आणि तुमचे ध्यान त्या हाताकडे जाते. तेवढ्यात डावा हात आपले काम उरकून घेतो. तो डावा हातही तुमच्या डोळ्यांसमोरच असतो. त्याच्यावरून आलेला प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरतो. तरी तो तुम्हांला दिसत नाही. असे का होते? डोळे मेंदूकडे जे काही पाठवतात, त्यातले फार थोडे आपल्याला जाणवते. मेंदूचे पुढचे आणि वरचे काही भाग जणू हुकूम सोडतात, की आता इकडे पाहा. मग त्या जागेचे काम करणाऱ्या पेशी अधिक जोराने काम करतात आणि बाकीच्या मागे पडतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी फार गाजला. काही लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात मुले चेंडू एकमेकांकडे टाकत होती. पांढऱ्या सदऱ्यांतील मुलांनी चेंडू किती वेळा टाकला, ते मोजायला सांगितले होते. मध्येच गोरिलाचा वेष घातलेले एक माणूस मुलांमध्ये आले, छाती बडवली आणि निघून गेले. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलेच नाही! फाळके यांना हा प्रयोग माहीत असणे शक्य नव्हते. पण जादूगार म्हणून प्रेक्षकांचे लक्ष कोठे न्यावे, हे ते शिकले होते आणि पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहून त्यांनी हेच केले.

१९०२ साली फाळके यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी आपण पुढे वाचू. १९०३ साली फाळके सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि छायाचित्रे काढण्याच्या नोकरीला लागले. नोकरी चांगली होती. पण देशात स्वदेशीची चळवळ सुरू झाली आणि १९०६ साली त्यांनी ती सोडून दिली. लोणावळ्याला त्यांनी छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. देवदेवतांची ती रंगीत चित्रे त्या काळी घरोघरी भिंतींवर लागत असत. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. परंतु भागीदारांशी त्यांचे पटले नाही. चालता छापखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. त्यांचे वय तेव्हा चाळिशीचे होते.

याच सुमारास, १९१०-११ मध्ये, मुंबईत एका तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची एक विलायती फिल्म पाहिली. पडद्यावर येशू चालत होते, लोक त्यांच्यामागे जात होते. फाळके यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातल्या कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात शिरला तो कायमचा. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. खेळ संपल्यावर यंत्र पाहायलाही गेले.

आता तुम्ही विचाराल, की त्या यंत्रात असते तरी काय? एक लांब फीत असते. तिच्यावर एकापुढे एक अशी लहान लहान चित्रे असतात. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा किंचित वेगळे असते. यंत्र एक चित्र दिव्यासमोर आणते, क्षणभर थांबवते, मग झडप पडून अंधार होतो. त्या अंधारात फीत पुढे सरकते आणि दुसरे चित्र समोर येते. मूकपटांच्या काळात एका सेकंदात साधारण १६ चित्रे अशी दाखवत. म्हणजे पडद्यावर असते काय? स्थिर चित्र, अंधार, स्थिर चित्र, अंधार. यापेक्षा अधिक काही नसते.

याचे कारण अनेक पुस्तकांत असे दिलेले असते, की पाहिलेले चित्र डोळ्यात क्षणभर टिकून राहते आणि तेवढ्यात पुढचे येते. याला दृष्टिसातत्य म्हणतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. मधला अंधार आपल्याला का जाणवत नाही, एवढेच त्यावरून कळते. थोडा विचार करा. चित्रे नुसती डोळ्यात टिकून राहिली असती, तर एकावर एक चढून त्यांचा गोंधळ झाला असता. धावणारा घोडा दिसला नसता, सोळा घोड्यांची खिचडी दिसली असती! मग घोडा धावतो कसा? १९१२ साली जर्मनीत माक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने आधी एक रेषा दाखवली आणि अगदी थोड्या वेळाने जरा बाजूला दुसरी. पाहणाऱ्यांना दोन रेषा दिसल्या नाहीत. एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसली. मधली हालचाल बाहेर कोठेच नव्हती. ती पाहणाऱ्याच्या मेंदूने भरली होती. योगायोग असा, की त्याच १९१२ साली फाळके आपल्या पहिल्या चित्रपटाची तयारी करत होते. दोघांना एकमेकांचे नावही माहीत नव्हते.

मेंदू हे काम कोठे करतो, तेही आता पुष्कळसे कळले आहे. तुम्ही घरी ज्याला दिमाग म्हणता, त्याच मेंदूविषयी आपण बोलत आहोत. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाची खबर सुमारे दहा लाख बारीक तंतूंमधून मेंदूकडे जाते. ही खबर कपाळामागे थांबत नाही. ती थेट डोक्याच्या मागच्या बाजूला पोहोचते. आपला हात डोक्यामागे न्या. मानेच्या वर जेथे हाडाचा उंचवटा लागतो, साधारण तेथेच आत मेंदूचे दृष्टिकेंद्र आहे. रशिया आणि जपान यांच्या १९०४-०५ च्या युद्धात काही जपानी सैनिकांच्या डोक्यातून मागच्या बाजूने गोळ्या आरपार गेल्या. ते वाचले. त्यांचे डोळे धडधाकट होते, तरी समोरचा काही भाग त्यांना दिसेनासा झाला. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी डॉक्टरांनी त्यांना तपासले. मेंदूचा कोणता तुकडा दृष्टीचा कोणता भाग सांभाळतो, याचा नकाशाच त्यांनी तयार केला आणि तो १९०९ साली प्रसिद्ध झाला.

दृष्टिकेंद्रातल्या पेशी काय करतात, याचा शोध डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांना लागला, तोही जवळजवळ अपघाताने. ते मांजराला पडद्यावर काळे ठिपके दाखवत होते आणि त्याच्या मेंदूतल्या एका पेशीचे काम ऐकत होते. पेशी गप्प होती. काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम खडखडू लागली. तिला ठिपक्याशी देणेघेणे नव्हते. तिला हवी होती एका विशिष्ट दिशेने तिरकी असलेली रेघ. दृष्टिकेंद्रात अशा असंख्य पेशी आहेत. कोणी उभी रेघ ओळखते, कोणी आडवी, कोणी डावीकडून उजवीकडे जाणारी. या कामाचे वर्णन त्यांनी प्रथम १९५९ साली केले आणि १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हालचाल ओळखण्याचे खास काम करणारा भाग जरा बाजूला, कानांच्या मागे आहे. तो भाग बिघडला तर काय होईल? अशी एक स्त्री जर्मनीत होती. तिच्याविषयी डॉक्टरांनी १९८३ साली लिहिले. तिला रंग दिसत, वस्तू दिसत, अक्षरे वाचता येत. फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना चहाची धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे. कप कधी भरला ते कळत नसे आणि चहा बाहेर सांडे. रस्त्यावरची मोटार आधी दूर दिसे आणि एकदम जवळ आलेली असे. रस्ता ओलांडणे तिला फार कठीण झाले होते. आपल्याला फितीवरच्या स्थिर चित्रांची हालचाल दिसते. तिला मात्र खऱ्या जगाची स्थिर चित्रे होऊन दिसत होती.

आता फाळके यांच्याकडे परत येऊ. त्यांनी लहानसे यंत्र आणि काही फिती मिळवल्या. मेणबत्तीच्या उजेडात ते घरच्या घरी रात्ररात्र चित्रे पाहू लागले. रोज चार-पाच तास पाहायचे, झोप तीनच तास. दिवसभर पैशांची खटपट. याचा परिणाम त्यांच्या डोळ्यांवर झाला. दिसणे कमी होत गेले आणि शेवटी काही काळ त्यांना काहीच दिसेना. मुलांनो, कल्पना करा. घरात पैसा नाही, लहान मुले आहेत, नातेवाईक त्यांना वेडा ठरवू लागले आहेत आणि ज्या डोळ्यांवर सारी भिस्त तेच गेले. डोळे आंधळे झाले म्हणजे मेंदूचे दृष्टिकेंद्र नाहीसे होत नाही. ते आपल्या जागी असते, पण त्याच्याकडे खबर येत नाही. जपानी सैनिकांची गोष्ट नेमकी याच्या उलट होती. डॉक्टर प्रभाकर या नेत्रवैद्यांनी फाळके यांच्यावर उपचार केले आणि तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले. सुदैवाने दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर त्याने सिनेमाचे नाव टाकले असते. फाळके यांनी पुन्हा यंत्र हातात घेतले. मला विचाराल तर त्यांच्या चरित्रातला सर्वांत कसोटीचा प्रसंग हाच.

आता विलायतेला जाऊन यंत्रे आणायची होती. पैसे कोणी देईना. सिनेमा हा धंदा होऊ शकतो यावर कोणाचा विश्वास नव्हता. शेवटी यशवंतराव नाडकर्णी या मित्राने विम्याच्या पॉलिसींवर दहा हजार रुपये कर्ज दिले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीने लंडनला निघाले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या संपादकांना ते सरळ जाऊन भेटले. त्यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहायला मिळाला. कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म खरेदी करून ते दोन महिन्यांत परतले.

फाळके यांनी केलेली एक लहानशी फिल्म मला फार आवडते. तिचे नाव 'अंकुराची वाढ'. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक काळ ते रोज त्याच जागेवरून चित्र टिपत राहिले. मग सगळी चित्रे भराभर दाखवली. पाहणाऱ्यांच्या देखत माती फुटली, कोंब वर आला आणि वेल चढू लागला. रोपाची वाढ इतकी सावकाश होते, की मेंदूच्या हालचाल ओळखणाऱ्या पेशींना ती कळतच नाही. कुंडीसमोर दिवसभर बसलात तरी रोप स्थिरच दिसेल. फाळके यांनी दिवसांमधले अंतर काढून टाकले आणि जे डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नव्हते ते दाखवले. ही फिल्म पाहून पैसे देणाऱ्यांचाही विश्वास बसला.

मग 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. मुंबईत दादर येथे एका बंगल्यात चित्रीकरण झाले. राजाचे काम दत्तात्रय दाबके यांनी केले. राणी तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार होईना. तेव्हा एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके यांना फाळके यांनी राणी केले. राजपुत्र झाला त्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाईंचे काम पडद्यावर कोठेच दिसत नाही, पण त्यांच्यावाचून चित्रपट झाला नसता. त्यांनी आपले दागिने दिले. त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश पाडत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फितीला भोके पाडत. उजेड लागला की फीत वाया जाई. म्हणून ते सारे काम हातांच्या अंदाजाने करावे लागे.

हा चित्रपट ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटात १६ चित्रे, म्हणजे एकूण चित्रे किती झाली? गुणाकार करून पाहा. ५९ हजारांच्या वर जातील. २१ एप्रिल १९१३ रोजी तो निवडक लोकांना दाखवला आणि ३ मे १९१३ पासून मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी सुरू झाला. त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लोकांनी पाहिला होता; परंतु तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता. म्हणून पहिल्या भारतीय कथाचित्रपटाचा मान बहुतेक अभ्यासक 'राजा हरिश्चंद्र'ला देतात.

'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके यांनी आपली कंपनी नाशिकला आणली. येथेच 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून चित्रपट काढण्याची मागणी त्यांना आली, पण ते परत आले. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म मिळेना आणि कंपनी कशीबशी तगली.

१९१७ साली 'लंका दहन' आला. यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोघांचीही कामे केली! प्रेक्षकांना मात्र राम वेगळा आणि सीता वेगळी दिसली. हे कसे झाले असेल? चेहरा तर एकच होता. याचे उत्तर आठवणीत आहे. आपला मेंदू समोरचे चित्र कोऱ्या पाटीवर लिहिल्यासारखे घेत नाही. तो आधीच्या आठवणींशी ते ताडून पाहतो. मुकुट, धनुष्य, उभे राहण्याची ढब यांवरून राम कसा असतो हे लोकांना ठाऊक होते. कारण कीर्तनात ऐकलेली कथा आणि भिंतीवरचे रंगीत चित्र त्यांच्या स्मरणात होते. छापखान्यात असताना फाळके यांनी अशीच चित्रे हाताळली होती. लोकांच्या डोक्यात कोणते चित्र आधीच तयार आहे, हे त्यांना चांगले माहीत होते. पाहण्यात आठवणीचा वाटा असतो, हे फार जुन्या काळी एका विद्वानाने लिहून ठेवले आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेले इब्नुल हैसम यांनी काहिरा शहरात राहून प्रकाश आणि दृष्टी यांवर 'किताबुल मनाझिर' हा मोठा ग्रंथ लिहिला. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो हे त्यांनी दाखवले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वस्तू ओळखताना मन पूर्वी पाहिलेल्याशी तिची तुलना करते, असेही त्यांनी मांडले. आज मेंदूचे काम पाहण्याची यंत्रे आहेत. डोळे मिटून तुम्ही आपल्या आईचा चेहरा आठवलात, तर दृष्टीचे काम करणारे मेंदूचे काही भाग पुन्हा जागे होतात, असे त्यांवरून दिसून आले आहे. म्हणजे आठवणे हेही काही अंशी पाहणेच आहे.

'लंका दहन' फार चालला. तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. त्याच सुमारास फाळके यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाची एक फिल्म काढली. तिच्यात ते स्वतः नटांना शिकवताना आणि फीत तपासताना दिसतात. जादूगार सहसा आपली हातचलाखी कोणाला दाखवत नाही. फाळके यांनी ती दाखवली. शाळामास्तरांना हा माणूस आपल्यातला वाटावा, असे हे काम आहे.

१९१८ साली भागीदारांसह 'हिंदुस्थान फिल्म कंपनी' निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' या चित्रपटांत फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पाण्यातली नागाशी झुंज लोकांनी श्वास रोखून पाहिली. पैसा आला, तसे भागीदारांशी खटकेही उडू लागले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले, तेथे नाटक लिहिले आणि काही काळाने परत आले. पण पूर्वीची घडी बसली नाही. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपले. फाळके यांनी १९३७ साली कोल्हापूरच्या एका कंपनीसाठी 'गंगावतरण' हा बोलपट केला. त्यांचा तो एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. त्यांचे शेवटचे दिवस नाशिकमध्ये गेले. हाती पैसा राहिला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. चित्रपटातल्या मोठ्या कामगिरीसाठी भारत सरकार १९६९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

फाळके यांच्या बहुतेक फिती आज उरलेल्या नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवला आहे. तो तुम्हांला संगणकावर किंवा मोबाईलवरही पाहायला मिळेल. पाहताना एक गोष्ट लक्षात येईल. त्यातली माणसे कधी कधी तुरुतुरु, घाईघाईने चालताना दिसतात. तो नटांचा दोष नाही. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रे दाखवण्याची पद्धत ठरली. जुनी फीत या वेगाने लावली, की दीड मिनिटाचा प्रसंग एका मिनिटात संपतो. तुमचा मेंदू मात्र समोर येईल त्या वेगाने ती चित्रे जोडतो आणि राजा हरिश्चंद्र धावत सुटतो.